आधी पाय बघा

भातकापणीचे दिवस होते. रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात डॉक्टरांची वाट बघत बसलो होतो. तेवढ्यात एक मिनिडोर आवारात शिरली आणि तिच्यातून पन्नाशीचा एक गृहस्थ आरोळ्या ठोकत उतरला. उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट आवळलेलं, मागे बायको, पुतण्या आणि वाटेत गोळा झालेली चार माणसं. भाताचा भारा उचलताना बोटाला विंचू डसला होता. "मेलो गं आई, खांद्यापर्यंत चढलं," असं तो एकसारखं म्हणत होता.

सिस्टर बाहेर आल्या. बोटाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. वाकून त्याच्या पायाला हात लावला. मग दुसऱ्या पायाला. कपाळावरून हात फिरवला, नाडी धरली आणि म्हणाल्या, "काका, ओरडा हवं तेवढं. काय होत नाय तुम्हाला." बोटाच्या मुळाशी बधिर करायचं इंजेक्शन दिलं, रक्तदाब लिहिला आणि त्याला बाकावर बसवून ठेवलं. अर्ध्या तासात तो पुतण्याला मोटारसायकल हळू चालवत जा म्हणून दटावत होता.

मी सिस्टरना विचारलं, विंचू हाताला चावला आणि तुम्ही पाय का बघितले?

"पाय गार असले तर मी तुमच्याशी बोलत बसले नसते," त्या म्हणाल्या. मग त्यांनी मे महिन्यातला एक मुलगा सांगितला. सात वर्षांचा. आईनं कडेवर घेऊन आणलेला. रडत नव्हता, ओरडत नव्हता. आई म्हणाली, मघाशी लई रडला, आता दुखत नाय म्हणतोय, दोनदा उलटी झाली तेवढी. सदरा घामानं पिळून काढण्यासारखा भिजलेला. सिस्टरनी तळपाय धरले तर माठाला हात लावावा तसे गार. चड्डी खाली करून बघितलं तर लिंग ताठ. "मी तिथूनच डॉक्टरांना हाक मारली," त्या म्हणाल्या. "ओरडणाऱ्याची मला भीती वाटत नाय. गप्प बसलेल्याची वाटते."

हे वाक्य नर्सिंगच्या पुस्तकातून आलं असेल असं मला वाटलं होतं. ते आलं होतं तिथून जवळच असलेल्या एका गावातून, आणि त्याला जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

कोकणात विंचू पाहिला नाही असा माणूस मिळायचा नाही. कौलाच्या फटीत, लाकूडफाट्याच्या ढिगात, पेंढ्यात, जांभ्या दगडाच्या गडग्यात, रात्री बाहेर काढून ठेवलेल्या चपलेत. पण विंचवाविंचवांत फरक आहे आणि तो आपल्या भीतीच्या उलटा आहे. काळा, बोटभर लांब, जाडजूड नांग्यांचा जो विंचू बघून आपण खाटेवर चढतो, तो बहुधा ठणका देऊन सोडतो. मारतो तो लहानसा तांबूस विंचू. त्याच्या नांग्या बारीक, काटकुळ्या असतात आणि शेपूट जाड. शास्त्रीय नाव मेसोबुथस टॅम्युलस, अलीकडे हॉटेन्टोटा टॅम्युलस असंही म्हणतात. एप्रिल-मेच्या उकाड्यात आणि पुन्हा पाऊस संपल्यावर कापणीच्या सुमारास त्याच्या दंशाचे रुग्ण वाढतात.

या विंचवानं माणसं दगावतात हे वैद्यकाला ठाऊक नव्हतं असं नाही. विंचूदंशानंतर फुप्फुसात पाणी भरून मृत्यू येतो हे मुंडले नावाच्या डॉक्टरांनी १९६१ मध्येच ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं होतं. इस्रायलमध्ये मोशे ग्वेरॉन यांनी १९७० च्या सुमारास विंचवाच्या विषाचा हृदयावर काय परिणाम होतो हे मांडलं होतं. पण सिस्टरचं ते वाक्य ज्या गावातून आलं, त्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रात्री अकराला बैलगाडीतून आणलेल्या पोरासाठी त्यातलं काहीच पोचलेलं नव्हतं. तिथे ॲट्रोपिन होतं, स्टिरॉइड होतं, ॲलर्जीवरची इंजेक्शनं होती, झोपेची औषधं होती. जो जे शिकून आला तो ते द्यायचा. पोरं मरत राहायची.

महाड तालुक्यातल्या या बिरवाडीत १९७६ मध्ये हिंमतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा, गरिबीतून वर आलेला, नागपूरच्या सरकारी महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेला. ('बॅरिस्टरचं कार्टं' या आत्मचरित्रात त्यांनी ते दिवस सांगितले आहेत.) मराठवाड्यातला माणूस, कोकणातला पाऊस आणि कोकणातला विंचू दोन्ही नवे. डोळ्यांदेखत चांगली धट्टीकट्टी माणसं तोंडातून गुलाबी फेस येऊन मरताना त्यांनी पाहिली.

यापुढे त्यांनी जे केलं ते सांगायला फार सोपं आणि करायला फार कठीण आहे. ते रुग्णाजवळ बसून राहिले. रात्रभर, दुसरा दिवसभर, बरा होईपर्यंत किंवा मरेपर्यंत. आणि लिहीत राहिले. किती वाजता डसला, किती वाजता उलटी झाली, घाम कधी सुटला, हातपाय कधी गार पडले, नाडी किती, रक्तदाब किती, खोकला कधी सुरू झाला, छातीत घरघर कधी ऐकू आली. आपल्याकडे बहुतेक केसपेपरवर 'विंचूदंश' असं लिहून खाली औषधांची नावं असत. मधला काळ कोरा. बावस्करांनी तो कोरा भाग भरला. माझ्या मते त्यांचं खरं संशोधन हेच. औषध नंतर सापडलं.

त्या टिपणांतून एक क्रम दिसायला लागला. आधी उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ, पुरुषांत आणि मुलग्यांत लिंगाला ताठरता, मग हातपाय बर्फासारखे. रक्तदाब आधी चढतो. काही तासांनी धाप, खोकला, फुप्फुसात पाणी आणि शेवटी रक्तदाब कोसळणं. म्हणजे उलटी, घाम आणि गार पाय ही हृदयावर येणाऱ्या संकटाची आगाऊ सूचना होती, आणि ती हातात कोणतंही यंत्र नसताना मिळत होती. १९८२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं त्यांचा लेख छापला तो याच पूर्वलक्षणांवर. एका आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरनं पाहून, हात लावून, घड्याळ बघून लिहिलेला लेख.

उलटही तितकंच महत्त्वाचं ठरलं. ज्याला प्रचंड ठणका आहे, पण पाय गरम आहेत, उलटी नाही, अंगभर घाम नाही, तो वाचणार. व्हरांड्यातले काका त्यातले. पुढे या पाहण्यातून चार पायऱ्या ठरल्या. पहिलीत नुसता जागेवरचा ठणका. दुसरीत घाम, लाळ, उलटी, गार हातपाय. तिसरीत फुप्फुसात पाणी. चौथीत रक्तदाब कोसळलेला आणि हातपाय पुन्हा गरम. या चौथ्या पायरीवर नवखा डॉक्टर फसतो, कारण गरम पाय बघून त्याला बरं वाटतं. म्हणून सिस्टर पायाला हात लावून थांबत नाहीत, नाडी आणि रक्तदाबही बघतात.

हे होतं कसं? विष मज्जातंतूंच्या टोकाशी असलेल्या सोडियमच्या वाटा उघड्या पाडतं आणि शरीराची आपोआप चालणारी यंत्रणा एकदम पेटते. सुरुवातीला घाम-लाळ-उलटीची बाजू, मग ॲड्रेनॅलिनची. रक्तवाहिन्या आखडतात, म्हणून हातपाय गार. कोकणातल्या माणसाला हे खाचराच्या भाषेत सांगता येतं. वरून पाट सोडलाय आणि खालची मोरी कोणीतरी बुजवली. पाणी पुढे जायला वाट नाही, बांध मागे फुगतो आणि शेजारच्या खाचरात पसरतो. ते शेजारचं खाचर म्हणजे फुप्फुस.

एवढं समजलं की जुन्या औषधांचा हिशेब आपोआप लागतो. ॲट्रोपिननं घाम आणि लाळ थांबते, नातेवाइकांना वाटतं उतरलं. पण नाडी आणखी धावते आणि चढलेला रक्तदाब आणखी चढतो. म्हणजे दिसणारं लक्षण पुसलं आणि मारणारं वाढवलं. स्टिरॉइडचा काही संबंधच नव्हता. मुंबईतले राधाकृष्ण मूर्ती इन्सुलिन आणि ग्लुकोजचा उपचार मांडत होते. त्यावर बराच वाद झाला, पण खेड्यात तो रुजला नाही.

मोरी उघडायची, तर रक्तवाहिन्या सैल करणारं औषध पाहिजे. बावस्करांनी आधी सोडियम नायट्रोप्रुसाइड वापरलं. ते थेंबाथेंबानं शिरेतून द्यायचं, उजेडानं खराब होतं म्हणून बाटलीला काळा कागद गुंडाळायचा, दर काही मिनिटांनी रक्तदाब मोजायचा, थेंब जास्त पडला तर रुग्ण हातचा जायचा. अतिदक्षता विभागाचं औषध. तोपर्यंत ते एम.डी. करून परत त्याच भागात आले होते. पोलादपूर, मग महाड. एम.डी. झालेला माणूस पुण्या-मुंबईला का थांबला नाही, हा प्रश्न त्या काळी त्यांना कितीजणांनी विचारला असेल.

नायट्रोप्रुसाइडनं रुग्ण वाचतात एवढं दिसल्यावर तेच काम तोंडानं देता येणाऱ्या गोळीनं होईल का, असा विचार आला. प्राझोसिन नावाची रक्तदाबाची गोळी बाजारात होती. ती नेमकी त्याच कुलपाला लागणारी किल्ली होती. ॲड्रेनॅलिन रक्तवाहिनीला जिथे आखडायला सांगतं, ती अल्फा-१ जागा ती अडवते. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मुलाला पाव, दर तीन तासांनी, पाय गरम होईपर्यंत. १९८६ मध्ये हिंमतराव आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हा अनुभव 'लॅन्सेट'मध्येच मांडला. काही रुपयांची गोळी. सलाइनचा स्टँडसुद्धा लागत नाही.

'पाय गरम होईपर्यंत' याकडे पुन्हा बघा. औषध कधी थांबवायचं हे सांगणारी खूणही तीच. निदान, उपचार आणि बरं झाल्याची खात्री, तिन्ही तळपायावर.

गंभीर रुग्णांतले मृत्यू प्राझोसिनपूर्वी शंभरात तीसच्या आसपास होते, ते एकच्या आसपास आले, असं बावस्कर आपल्या लेखांत नोंदवतात. मराठी वर्तमानपत्रांनी हा आकडा पुष्कळदा छापला, २०२२ मध्ये पद्मश्री मिळाल्यावर तर जास्तच. आकडा खरा, पण तो वाचताना थोडं थांबलं पाहिजे. ही तुलना जुन्या काळाशी आहे. त्याच वर्षांत रस्ते झाले, फोन आले, रुग्ण बैलगाडीऐवजी जीपनं दोन तास आधी पोचायला लागला. शिवाय निम्म्या रुग्णांना प्राझोसिन आणि निम्म्यांना साखरेची गोळी, अशी परीक्षा कोणी घेतल्याचं मला माहीत नाही. डोळ्यांदेखत पाय गरम होताना पाहिल्यावर पुढच्या मुलाला साखरेची गोळी कोण देणार? तरी शंका घेणाऱ्यांना मी नावं ठेवणार नाही. कारण विंचवाच्या बाबतीत 'आम्ही दिलं आणि उतरलं' हे वाक्य आपण हजार वर्षं ऐकतोय.

माझी आजी चिंचोका सहाणेवर उगाळून दंशावर चिकटवायची. चिकटला की विष ओढतो, गळून पडला की विष संपलं. आमच्या वाडीतला एक म्हातारा विंचू उतरवायचा. राख फुंकायचा, पुटपुटायचा, दंशाच्या वर आवळलेली दोरी खाली खाली सरकवायचा. दोघांचाही गुण यायचा, अगदी हमखास. येणारच, कारण बहुतेक दंश पहिल्या पायरीचेच असतात आणि ठणका काही तासांत आपला आपण कमी होतो. शंभर रुग्णांतले नव्वद काहीही केलं तरी बरे होणार असतील, तर प्रत्येक उपचार नव्वद टक्के गुणकारी. उरलेल्या दहांत जो मुलगा उतरवणाऱ्याच्या अंगणात गप्प होऊन घामाघूम झाला, त्याच्याबद्दल लोक 'उतरलं बघा, आता दुखत नाय म्हणतोय' असं म्हणत असणार. एकनाथांनी विंचवाला भारुडात घेतलं तेव्हाही गावोगावी असे उतरवणारे असतील. अशा रोगात रुग्णांची आधी पायरीवार विभागणी केल्याशिवाय कोणत्याच औषधाचा हिशेब लागत नाही, मग ते औषध चिंचोका असो की प्राझोसिन.

हे भान बावस्करांना स्वतःच्या औषधाबद्दलही राहिलं, याचं मला जास्त कौतुक आहे. परळच्या हाफकिन संस्थेत लाल विंचवाच्या विषावरची प्रतिविष लस तयार झाली. सापाच्या लशीसारखीच, घोड्याच्या रक्तातून. चिपळूणचे डॉ. विवेक नातू यांनी २००६ मध्ये ती गंभीर दंशांत वापरल्याचा चांगला अनुभव प्रसिद्ध केला. बावस्करांनी २००७ मध्ये लस आणि प्राझोसिन यांची तुलना केली, तेव्हा कौल प्राझोसिनच्या बाजूनं गेला. तिथे थांबता आलं असतं. आपली गोळी जिंकली, आता विषय संपला.

ते थांबले नाहीत. महाडमध्येच दुसऱ्या पायरीचे ७० रुग्ण घेतले, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिन आणि लस. दहा तासांत पूर्ण बरे झालेले मोजले. नुसत्या प्राझोसिनवरचे ८. दोन्ही दिलेले ३२. बरं व्हायला लागलेला सरासरी वेळ १७.७ तासांवरून ८ तासांवर आला, आणि प्राझोसिनही निम्मंच लागलं. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलनं हे छापलं. कोणाला काय दिलं हे डॉक्टरांना दिसत होतं, ही त्या प्रयोगातली उणीव. पण पुढे पुदुच्चेरीच्या जिपमेर इस्पितळात लहान मुलांवर झालेल्या चाचणीतही जोडीचाच फायदा दिसला. गोळी मोरी उघडते, लस वरचा पाट बंद करते. दोन्ही केलं तर खाचर लवकर उतरतं.

जवळजवळ दहा तासांचा हा फरक शहरातल्या वाचकाला किरकोळ वाटेल. गावात तेवढा वेळ म्हणजे रात्रपाळीच्या एकट्या सिस्टरची अख्खी रात्र, मुलाच्या बापाची बुडालेली मजुरी, आणि दोन खाटांच्या केंद्रात पुढच्या रुग्णासाठी मोकळी झालेली एक खाट.

महाराष्ट्रात या जातीचं संशोधन आणखीही झालं आहे. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं निरक्षर दाईला बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून एक मिनिटाची वाळूची घडी आणि मण्यांच्या ओळी वापरल्या; मणी संपेपर्यंत वाळू संपली की नाही, यावर न्यूमोनिया ठरायचा. नवजात बाळांची काळजी घरातच घेण्याचा त्यांचा प्रयोग ३९ गावांत झाला, तुलनेसाठी शेजारची ४७ गावं होती, आणि तो १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्येच आला. तिथेही सुरुवात मोजण्यापासून झाली, औषध मागाहून.

मोठ्या इस्पितळांत हे मोजणं आता यंत्रं करतात, आणि ती चांगलं करतात. तरी माझ्या आईला एका शहरात तीन दिवस भरती केलं होतं तेव्हाची गोष्ट विसरत नाही. फायलीत तपासण्यांचे अठरा कागद जमले, आणि पायाची सूज मीच एका निवासी डॉक्टरला चादर बाजूला करून दाखवली. त्यानं अंगठ्यानं दाबून खड्डा बघितला आणि म्हणाला, "अरे, हो." चांगला मुलगा होता. छत्तीस तास झोपला नव्हता.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मी विचारलं, आता अडचण काय येते? ते म्हणाले, गोळीचीच. शहरातल्या दुकानांत रक्तदाबासाठी जे प्राझोसिन जास्त खपतं ते सावकाश विरघळणारं. ती गोळी फोडून चालत नाही, आणि सात वर्षांच्या मुलाला पाव मिलिग्रॅम द्यायचं तर एक मिलिग्रॅमची साधी गोळी लागते, तिचे चार तुकडे. ती कपाटात आहे ना, हे ते मार्च संपायच्या आत बघतात. दुसरी अडचण पहिल्या मात्रेची. गोळी दिल्यावर रुग्ण उठून बसला तर रक्तदाब एकदम उतरून घेरी येते, म्हणून आडवंच ठेवायचं. लहान मूल आडवं राहत नाही, आईच्या मांडीवर चढतं. "मग आईलाच खाटेवर झोपवतो आणि पोराला तिच्या कुशीत," डॉक्टर म्हणाले. हा उपाय मला अजून कुठल्या लेखात सापडलेला नाही.

निघताना सिस्टरनी मे महिन्यातल्या त्या मुलाचं पान काढून दाखवलं. नाव त्यांनी तळहातानं झाकलं. लांब वही, आडव्या रेघा त्यांनी स्वतः पट्टीनं मारलेल्या. वेळ, नाडी, रक्तदाब, घाम, छाती, आणि शेवटचा रकाना 'पाय'. लस त्या दिवशी केंद्रात नव्हती; गाडी तालुक्याला गेली होती ती पहाटे परत आली, तोवर नुसती गोळी.

सायंकाळी ७.४०, पाय गार. १०.४०, पाय गार, घाम कमी. रात्री १.४०, गुडघ्यापर्यंत गरम, तळवे गार. पहाटे ४.४०, तळवे कोमट, लस सुरू. त्यानंतरची नोंद सकाळी ८.१५ ची, दुसऱ्या शाईत, बहुधा पेन संपलं असावं:

'पाय गरम. चावलेल्या जागी दुखतं म्हणून मोठ्यानं रडतो. आईला सांगितलं, रडू दे.'